उसनी हाक

वच्छलाबाई गप बसल्या आहेत, असं आमच्या गावात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मी लग्न होऊन आले आणि आठवड्याभरात कळलं की आमच्या आणि त्यांच्या घरामधली भिंत फक्त म्हणायला भिंत आहे. सकाळी त्या चुलीशी बोलत, मग कोंबड्यांना शिव्या देत, मग नवऱ्याला, म्हणजे सोमाजीभाऊंना, दिवसभराची कामं सांगत. सोमाजीभाऊ शेतावर गेले की मोबाइलवर गाणी लावून त्या गाण्यांशी भांडत. झोपेतसुद्धा बोलतात, असं सोमाजीभाऊच सांगायचे. मी चंद्रपूरच्या भर वस्तीत वाढलेली, गोंगाटाची मला सवय, तरी महिन्याभरात मी अजयला, माझ्या नवऱ्याला म्हटलं, "या बाईंना कुणीतरी एक दिवस बोलण्याचा उपास धरायला सांगा." अजय एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतो. त्या दिवशी हसला नाही.

"तिले बोलू दे," एवढंच म्हणाला.

का, ते मला मोहाच्या दिवसांत समजलं.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला खेटून आहे. मोहफुलं गळायला लागली की बायका उजाडता उजाडता टोपल्या घेऊन निघतात. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. झाडं एकमेकांपासून लांब, मधे झुडपं, त्यामुळे एकीला दुसरी दिसत नाही. आणि खाली वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला बाई वाटत नाही. म्हणून हाका द्यायच्या. पहिल्या झाडाखालून उर्वशीबाई, गावातल्या सगळ्यात वयस्कर, लांब "हूऽऽ" करतात. मग दुसरं झाड, मग तिसरं, असं शेवटपर्यंत जाऊन फेरी पुन्हा उर्वशीबाईंकडे येते. नाव घ्यायचं नाही. जंगलात कुणाचं नाव मोठ्यानं घेतलं तर भलतंच कुणी ओ देतं, असं इथे म्हणतात. हाक बाईची नसते, झाडाची असते. कुणाला पाण्याला जायचं असलं तर ती शेजारच्या झाडाच्या बाईला सांगून जाते, आणि शेजारीण तिच्या वाटची हाक देते. तिला उसनी हाक म्हणतात. एखादी पाळी रिकामी गेली, तर मात्र सगळ्यांनी टोपल्या जागच्या जागी टाकायच्या, एकत्र यायचं, एकीनं दुसरीचा पदर धरायचा आणि रांगेनं, न बोलता, त्या झाडाकडे निघायचं.

आमच्या घराचं झाड वादळात पडलं होतं. सासूबाईंनी मला वच्छलाबाईंच्या झाडाखाली वेचायला पाठवलं. झाड नाही, म्हणून मला हाकही नव्हती. मी नुसती ऐकत होते. पहिल्याच दिवशी ध्यानात आलं की गावातून निघालेल्या, झाड असलेल्या बायका सहा आहेत आणि हाका सात येतायत.

सहावी हाक वच्छलाबाईंची. रुंद, भरलेली, त्यांच्या बोलण्यासारखीच. ती देऊन झाल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या, नाल्यापलीकडच्या एका मोहाकडे तोंड केलं, तळहात तोंडाशी धरला आणि दुसऱ्याच आवाजात एक हाक दिली. बारीक, उंच, एखाद्या तरण्या बाईची. त्या झाडाखाली वेचायला कुणीच गेलेलं नव्हतं. उर्वशीबाईंनी लगेच पुढची फेरी सुरू केली, जणू काही झालंच नाही. मला भीती वाटली, हे सरळ सांगते.

"बाई, ही कोणाची?" मी विचारलं.

"दुर्गीची," त्या म्हणाल्या. "येच तू फुलं. दिस वर येऊन राह्यला."

बाकीचं सासूबाईंकडून कळलं. दुर्गा ही वच्छलाबाईंची धाकटी जाऊ. बारा वर्षांपूर्वी ती त्या नाल्यापलीकडच्या झाडाखाली वेचायची. हसरी, आळशी, अधूनमधून झाडाला टेकून डुलकी काढणारी. अशा वेळी उर्वशीबाईंचं बोलणं बसू नये म्हणून वच्छलाबाई तिच्या वाटची उसनी हाक द्यायच्या. दुर्गाचा आवाज त्यांना हुबेहूब जमायचा आणि दोघींना त्यात मजा वाटायची. त्या सकाळी दुर्गाची पाळी आली आणि आवाज आला नाही. वच्छलाबाईंना वाटलं, पुन्हा झोपली. त्यांनी हाक दिली. पुढच्या फेरीलाही दिली. टोपल्या भरेपर्यंत देत राहिल्या. निघताना नाल्यापलीकडे गेल्या तर दुर्गा नव्हती. तिची टोपली नव्हती, चप्पल नव्हती, रक्ताचा थेंबही नव्हता. नंतर पुष्कळांनी शोधलं, वनखात्याची माणसंही आली, पण मधे सबंध सकाळ गेली होती. काहीच मिळालं नाही.

तेव्हापासून त्या झाडाची पाळी एकदाही रिकामी गेलेली नाही. बायकांनी सुरुवातीला समजावलं, मग सोडून दिलं. वच्छलाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की पाळी रिकामी गेली म्हणजे बाई गेली. दुर्गीची पाळी गेलेली नाही.

आता या सगळ्यात रंजीता कशी आली ते सांगते, आणि तिला मीच आणली.

रंजीता माझी शाळेपासूनची मैत्रीण. नागपूरला गुरूंकडे राहून ख्याल शिकली, चंद्रपुरात क्लास घेते. गळा असा की ऐकतच राहावं, पण डोक्यात एक किडा. तिला म्हणे ठरवून गायलेल्या गाण्याचा कंटाळा आला होता. मधल्या काही वर्षांत तिनं एक वेगळंच काढलं: गाणाऱ्यांपुढे सूप ठेवायचं, प्रत्येकीच्या हातात एक फोडलेला चिंचोका. पाळी आली की चिंचोका सुपात टाकायचा. पांढरा पडला तर गायचं. काळा पडला तर आपली पाळी गप राहून पुरी करायची, आणि ती गप्प वेळही गाण्याइतकीच लांब ठेवायची. दुसरीनं ती भरायची नाही. काय येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, गाणाऱ्यालाही नाही. मी तिला म्हटलं होतं, "आम्ही लहानपणी चिंचोक्यांनी खेळायचो, तू मोठेपणी खेळतेस." ती माझ्याकडे राहायला आली, एका सकाळी जंगलाच्या कडेला उभं राहून हाकांची फेरी ऐकली, आणि तिथेच खाली बसली.

तिनं बायकांना विचारलं, चंद्रपुरात सकाळच्या बैठकीत याल का. मी तंबोरा धरून ललत गाते, मधे तुमची फेरी, चिंचोके टाकून.

उर्वशीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गप बसाले चंद्रपूरले कायले जाच? गप तं आमी घरी नवऱ्यासमोर रोजच बसून राह्यतो."

सगळ्या हसल्या, आणि हसल्या म्हणजे तयार झाल्या. फिरायला जायला कुणाला नको असतं. फक्त वच्छलाबाई हसल्या नाहीत. रंजीता चिंचोके वाटत होती, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"मले दोन देजो. एक माया, एक दुर्गीचा."

रंजीतानं कौतुकानं दोन दिले. तिला मी तोवर दुर्गाचं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, बाईंनाच दोन आवाजांची कल्पना सुचली. मी बोलायला हवं होतं, पण वच्छलाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सूप आणायला आत गेले.

सराव आमच्या अंगणात चाले. रंजीता तंबोरा लावायची, मी सूप धरून बसायची. पहिल्या दिवशी वच्छलाबाईंनी आपला चिंचोका टाकला तो काळा पडला. दुर्गाचा टाकला तो पांढरा. त्या स्वतःच्या पाळीला गप बसल्या आणि दुर्गाच्या आवाजात हाक दिली. रंजीता म्हणाली, "बाई, तुमची स्वतःची हाक गंधारावर आहे, आणि ही वरच्या षड्जावर. फार सुंदर लागलाय." दुसऱ्या फेरीला पुन्हा तसंच. तिसऱ्या फेरीला तसंच. दुसऱ्या दिवशीही. बाकीच्यांचे चिंचोके कधी काळे, कधी पांढरे, जसे पडायचे तसे पडत. वच्छलाबाईंचा आपला काळाच, आणि दुर्गाचा पांढराच.

मी देवभोळी नाही. मला वाटलं, चिंचोका एका बाजूनं जड असेल. पाणी प्यायला सगळ्या उठल्या तेव्हा मी वच्छलाबाईंचा आणि दुर्गाचा चिंचोका गुपचूप आपसात बदलला. पुन्हा फेरी सुरू झाली. वच्छलाबाईंचा काळा, दुर्गाचा पांढरा. मी रंजीताकडे पाहिलं, ती डोळे मिटून तंबोरा छेडत होती.

मग घरातही फरक पडायला लागला. भिंतीपलीकडून येणारा आवाज कमी झाला. चुलीशी बोलणं थांबलं, कोंबड्यांना कुणी काही म्हणेना. बाहेरून कुणी "वच्छलाबाई" अशी हाक मारली तर त्या ओ देत नसत, दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल तसं बघत. कधी दुपारी बारीक आवाजात गुणगुणणं ऐकू यायचं आणि मधेच हसू. इतके दिवस त्या गप बसाव्यात म्हणून मी चिडचिड केली, आणि आता ती भिंत शांत झाली तर माझ्या हातून पोळी करपायला लागली.

एका संध्याकाळी सोमाजीभाऊ आमच्या ओसरीवर येऊन बसले. हा माणूस बोलत नाही, कारण त्यांच्या वाटचंही बायकोच बोलायची. तंबाखू मळता मळता म्हणाले,

"पुनम, तू पायलं काय? हे वच्छला चिंचोका डाव्या हातानं टाकून राह्यली."

मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

"दुर्गी डावखुरी होती," ते म्हणाले. "बारा वर्सांपासून हे दोघींचं बोलून राह्यली. म्हनूनच मी तिले कधी गप राह्य म्हटलं नाई. पन एका गळ्यात दोघी किती दिस मावतीन? एक जाईन. आन मले दिसून राह्यलं, माई वच्छलाच जाईन."

त्यांचे डोळे भरले होते. मी रंजीताला त्याच वेळी सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे बंद कर. ती घाबरली, हे तिचं चांगलं. तिनं वच्छलाबाईंना जाऊन विनवलं, बाई, तुम्ही नका येऊ. वच्छलाबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुर्गीनं चंद्रपूर पायलं नाई. तिले जाच आहे." पुढे कुणाचं काही चाललं नाही.

बैठक रविवारी सकाळी होती. छोटंसं सभागृह, सतरंज्या, पुढे शे-सव्वाशे लोक. बायका नवी लुगडी नेसून अर्धगोलात बसल्या. मी सूप घेऊन वच्छलाबाईंना चिकटून बसले, कारण सोमाजीभाऊंनी मला तसं बजावलं होतं. रंजीतानं ललत सुरू केला. चांगला झाला. मग फेऱ्या लागल्या. उर्वशीबाईंचा पांढरा, त्यांनी हाक दिली आणि लोक सावरून बसले. शहरातल्या माणसांना त्या हाकेत काय वाटलं कोण जाणे. पहिल्या दोन फेऱ्यांना वच्छलाबाईंचं नेहमीसारखंच झालं. त्यांचा काळा, दुर्गाचा पांढरा. बारीक उंच हाक छताला लागून खाली आली आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शाल आवळून घेतली.

तिसऱ्या फेरीला वच्छलाबाईंनी आपला चिंचोका टाकला. काळा. मग डाव्या हातानं दुर्गाचा टाकला. तो सुपाच्या कडेला लागला, फिरला आणि थांबला.

काळा होता.

वच्छलाबाईंनी तळहात तोंडाशी नेला होता. तो तसाच राहिला. मला त्यांचा श्वास आत गेलेला ऐकू आला, आणि बाहेर आलेला ऐकू आला नाही. नियम त्यांना पाठ होता. काळा पडला की गप. दुसरीनं भरायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय करणार होते? रंजीताचं बोट तारेवर थांबलं. बारा वर्षांत पहिल्यांदा दुर्गाची पाळी आली आणि आवाज न होता संपायला लागली. सभागृहात पंख्याचा आवाज होता, तोही मला दूर गेल्यासारखा वाटला. मी आयुष्यात इतकी शांतता ऐकली नाही आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नाही.

पाळी संपली. ती रिकामी गेली होती.

पुढची हाक उर्वशीबाईंची होती. मी सूप त्यांच्यापुढे केलं, त्यांच्या हातात चिंचोका होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दुसरी उठली, तिनं उर्वशीबाईंचा पदर धरला. तिसरी उठली. कुणी कुणाला खूण केली नाही. पाळी रिकामी गेल्यावर काय करायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं, आणि आपण सभागृहात आहोत की जंगलात हा प्रश्न त्यांच्यापैकी एकीलाही पडला नाही. वच्छलाबाई सगळ्यात शेवटी उठल्या. त्यांना पुढे घेतलं, कारण झाड त्यांना माहीत होतं. मी सूप टाकून शेवटचा पदर धरला. आम्ही लोकांच्या मधून रांगेनं चालत दाराबाहेर गेलो.

लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. रंजीता नंतर सांगत होती, कुणी जागचं हललं नाही, बराच वेळ तसेच बसून होते, आणि नंतर तिला भेटून शेवटच्या त्या दीर्घ मौनाचं फार कौतुक करून गेले. तिला रडू आवरत नव्हतं, ते त्यांना आनंदाचं वाटलं.

बाहेर आम्हाला घेऊन आलेली काळीपिवळी जीप उभी होती. ड्रायव्हर प्रफुल गावातलाच. त्यानं रांग पाहिली, धरलेले पदर पाहिले, आणि काही न विचारता गाडी चालू केली. वाटेत कुणी बोललं नाही. जंगलाच्या कडेला उतरलो आणि पुन्हा तशीच रांग केली. ऊन चढलं होतं, पाचोळा पायाखाली वाजत होता. नाला ओलांडून दुर्गाच्या झाडाखाली आलो. झाड फुलांनी लगडलेलं, खाली हरणांनी खाऊन उरलेली फुलं पडून वाळलेली. बायका पांगल्या आणि शोधायला लागल्या. झुडपं बाजूला करून, दगड उलथून, मुळांमधे हात घालून. बारा वर्षांनी काय मिळणार? काही मिळालं नाही. तरी सबंध दुपार शोधलं, एकीनंही पुरे म्हटलं नाही.

शेवटी वच्छलाबाई खोडापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी जंगलात जे करायचं नसतं ते केलं. नाव घेतलं.

"दुर्गे," त्या म्हणाल्या, आपल्या स्वतःच्या रुंद आवाजात. "तुयी पाळी आज खाली गेली वो. आमाले समजलं. आमी आलो." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याच दिवशी याले पायजे होतं. मीच येऊ नाई देलं कोनाले."

आणि मग त्या रडल्या. उर्वशीबाईंनी त्यांना जवळ घेतलं. कुणी ओ दिली नाही. एवढ्यावर सगळं संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे वच्छलाबाई आमच्या दारात आल्या. "पुनम, ते झाड आता तुयं," म्हणाल्या. "सातवी हाक तू दे." रात्रभर त्या झोपल्या नसाव्यात, पण डोळे त्यांचेच होते. टोपली त्यांनी उजव्या हातात धरली होती. मी नाही कशी म्हणणार?

मी दुर्गाच्या झाडाखाली उभी राहिले. नाल्यापलीकडे वच्छलाबाई झुडपं सोडून काठाशी आल्या होत्या, म्हणून मला दिसत होत्या. त्यांनी मुद्दाम माझ्याकडे पाठ केली होती. उर्वशीबाईंची हाक आली. मग दुसरी, तिसरी. हाक जवळ जवळ यायला लागली. इथेच ती वाकली होती, हे एकच डोक्यात. सहावी आली, वच्छलाबाईंची, गंधारावरची, बारा वर्षांत पहिल्यांदा एकटी.

माझी पाळी आली. माझं तोंड उघडेना. मी खालचा ओठ दातांत धरला होता आणि तो सुटत नव्हता. नाल्यापलीकडे वच्छलाबाईंचे खांदे ताठ झाले. त्यांचा हात तोंडाकडे गेला नाही. त्या वळल्या नाहीत. त्या नुसत्या थांबल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी ते थांबणं काय होतं हे मला इथूनही कळत होतं. मी हाक द्यायलाच हवी होती. मला देता आली नाही.

आणि हाक गेली. बारीक, उंच, माझ्या अगदी जवळून. पाठीमागून की वरून ते मला सांगता येणार नाही. मी वळून पाहिलं नाही.

लगेच उर्वशीबाईंनी फेरी पुढे नेली. वच्छलाबाई मटकन खाली बसल्या. मग वळून मला म्हणाल्या, "आयकू आली वो. आली. बारा वर्सं मले ते माया गळ्यातूनच आयकू येत होती. आज तिकडून आली."

त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली विश्रांती होती. मी त्यांना सांगायला हवं होतं की मी तोंड उघडलं नव्हतं. मी "हो बाई" म्हटलं.

पुढच्या फेरीला मी स्वतः हाक दिली, आणि तेव्हापासून दर मोहाला देते. माझा आवाज जाड आहे, त्या हाकेशी त्याचं काही जुळत नाही, पण फरक कुणी बोलून दाखवला नाही. वच्छलाबाई पुन्हा कोंबड्यांना शिव्या देतात, आणि दुपारी थकल्या की चक्क गप बसतात. सोमाजीभाऊ अलीकडे थोडं बोलायला लागलेत. त्या पहिल्या हाकेबद्दल मी कुणालाच सांगितलेलं नाही, अजयलाही नाही. वच्छलाबाईंना ती माझी वाटते आणि वाटत राहो. ती माझ्या वाटची, दुसरीनं दिलेली उसनी हाक आहे, आणि परत कुणाला करायची ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या झाडाखाली मी अजून मागे वळून पाहत नाही.